यंत्रबुद्धी आणि विद्येचे चार काल

(श्रीमठाच्या वर्धापनमहोत्सवानिमित्त भरलेल्या विद्वत्सभेत संस्कृत पाठशाळेतर्फे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)

 

शिक्षणकार्यात आणि शिक्षकांच्या तयारीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग कितपत व कसा करावा, या विषयावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. रूपावली आणि लघुकौमुदीची संथा देणाऱ्या माणसाने अशा नूतन यंत्राविषयी काय बोलावे, असे कोणासही वाटेल. परंतु थोडा विचार केला तर हा विषय आपल्याला परका नाही असे दिसून येते. आजवरची यंत्रे लोखंड, वाफ अथवा वीज यांच्या बळावर चालत आली. या यंत्राचे कच्चे द्रव्यच मुळी भाषा आहे. शब्द, वाक्य, अर्थ, प्रामाण्य यांचा विचार ज्या देशात अडीच हजार वर्षांपासून चालत आला आहे, तेथील पाठशाळेने या यंत्राकडे पाठ फिरवून बसणे योग्य होणार नाही. आणि त्याच्यापुढे हात जोडून बसणे तर मुळीच योग्य होणार नाही.

आपल्या शिष्यवर्गात या बाबतीत दोन मते कानी येतात. काही सद्गृहस्थ म्हणतात, "सर्व ग्रंथ आता यंत्राच्या पोटात आहेत. विचाराल ते क्षणात सांगते. मग आमच्या मुलाने बारा बारा वर्षे पाठांतरात का घालवावी?" दुसरे म्हणतात, "हे खूळ पाठशाळेच्या उंबऱ्याच्या आत येऊच देऊ नये." पहिल्या मतात उतावीळपणा आहे, दुसऱ्यात भीती आहे, पण दोन्ही मते बाळगणाऱ्यांच्या मनात पाठशाळेविषयी आस्था आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर देणे हे आमचे कर्तव्य होय. प्रश्न लहान नाही. पाठशाळेत मूल घालावे की नाही, आचार्य नेमावा की यंत्र घ्यावे, हे निर्णय आज घरोघरी व संस्थोसंस्थी घेतले जात आहेत. आणि एकदा तुटलेली परंपरा पुन्हा जोडता येत नाही.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय, ते संक्षेपाने पाहू. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात काही गणितज्ञ व संशोधक उन्हाळ्यात एकत्र जमले. त्या बैठकीच्या निमित्ताने 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव रूढ झाले. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकांनी 'एलिझा' नावाची एक योजना प्रसिद्ध केली. माणसाने टंकलिखित केलेले वाक्य थोडे फिरवून तेच प्रश्नरूपाने परत करावे, एवढीच तिची करामत होती. तरीही वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या कार्यालयातील लेखनिक बाई तिच्याशी बोलता बोलता इतक्या रंगल्या की, 'आपण जरा बाहेर जाता का?' असे त्यांनी त्यांनाच सांगितले. यंत्राला कळते असे मानण्याची माणसाची हौस यंत्राच्या शक्तीहून किती पुढे धावते, याचे हे पहिले उदाहरण होय. आणि ते कर्त्यानेच नमूद करून ठेवले आहे.

पुढे २०१७ साली एक नवी रचना शोधली गेली आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅट-जीपीटी' हे यंत्र सर्वांसाठी खुले झाले. या जातीच्या यंत्रांचे मर्म थोडक्यात असे आहे : अफाट ग्रंथराशी व लेखराशी वाचवून त्यांना एवढेच शिकविलेले असते की, इतके शब्द होऊन गेल्यावर पुढे कोणता शब्दखंड येण्याचा संभव अधिक. नंतर माणसांनी चांगली उत्तरे व वाईट उत्तरे दाखवून त्यांना वळण लावलेले असते. यातून आश्चर्यकारक भाषापटुत्व निर्माण झाले आहे, हे नाकारणे हा हटवादीपणा होईल. परंतु संभाव्य असणे वेगळे आणि सत्य असणे वेगळे. आपल्या शास्त्रांत शब्दाला प्रमाण मानले ते तो आप्ताचा शब्द असेल तर. आणि आप्त म्हणजे वस्तू जशी असेल तशी जाणणारा व जाणली तशी सांगणारा. या यंत्राला वस्तूचे दर्शन नाही, म्हणून त्याचा शब्द आप्तवाक्य होत नाही. तो कित्येकदा खरा असतो, पण खरा आहे हे ठरविण्याचे साधन त्या शब्दाच्या बाहेरच शोधावे लागते.

येथे एक लोकभ्रम दूर करणे अवश्य आहे. संगणकासाठी संस्कृत हीच सर्वोत्तम भाषा होय असे अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने जाहीर केले आहे, असे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. उत्सवांतल्या भाषणांतूनही ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की, नासाच्या एम्स संशोधन केंद्राशी संबंधित असलेल्या रिक ब्रिग्ज या संशोधकाचा एक लेख १९८५ साली 'एआय मॅगझिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वाक्याचा अर्थ संगणकात कसा मांडावा, हा त्याचा विषय. आपल्या वैयाकरणांनी केलेले शाब्दबोधाचे विवेचन आणि संगणकशास्त्रज्ञांची अर्थजाळी यांत साम्य आहे, एवढे त्यांनी दाखविले. 'चैत्र भात शिजवितो' या वाक्याचा बोध वैयाकरण कसा उलगडतात? चैत्र ज्याचा आश्रय आहे आणि तांदळांचे मऊ होणे हे ज्याचे फळ आहे, असा वर्तमानकालीन व्यापार. क्रिया मध्यस्थानी, आणि प्रत्येक कारकाचा तिच्याशी संबंध स्पष्ट. ब्रिग्ज यांनी ज्या ग्रंथांचा आधार घेतला त्यांत नागेशभट्टांची मंजूषा आहे. आणि हे नागेशभट्ट म्हणजे काशीस राहिलेले, काळे उपनावाचे महाराष्ट्रीय पंडित, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तो एका संशोधकाचा लेख होता. संस्थेची घोषणा नव्हती. खरा गौरव असता खोट्या भूषणाची गरज काय? असत्याने सत्याची शोभा वाढत नाही.

ज्यांना या क्षेत्रातील खरे काम पाहावयाचे असेल त्यांनी फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ झेरार ह्युए यांची आणि हैदराबाद विद्यापीठाच्या संस्कृत अध्ययन विभागात अंबा कुलकर्णी यांनी उभारलेली साधने पाहावीत. त्यांत व्याकरणाच्या नियमांना धरून संधिविग्रह, पदविग्रह व वाक्यविश्लेषण केले जाते. 'रामालयः' असे पद दिले तर राम आणि आलय असाही विग्रह होतो आणि रामा म्हणजे स्त्री, तिचे आलय असाही होतो. प्रामाणिक साधन शक्य ते विग्रह पुढे ठेवते आणि निवड वाचकावर सोपविते. बोलके यंत्र मात्र बहुधा एकच उत्तर, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने देते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. महाभाष्याच्या आरंभी, पस्पशाह्निकात, भगवान पतंजलींनी विद्या चार प्रकारे उपयोगास येते असे म्हटले आहे. पहिला आगमकाल, म्हणजे गुरूपासून ग्रहण करण्याचा. दुसरा स्वाध्यायकाल, म्हणजे स्वतः आवृत्ती व चिंतन करण्याचा. तिसरा प्रवचनकाल, म्हणजे दुसऱ्यास शिकविण्याचा. आणि चौथा व्यवहारकाल, म्हणजे प्रत्यक्ष कार्यात विद्या योजण्याचा. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणून ठेवले असल्याने हा विचार संस्कृत न जाणणाऱ्यांनाही उपलब्ध आहे. यंत्र चांगले की वाईट असा सरसकट प्रश्न विचारण्याऐवजी, या चार कालांपैकी कोणत्या काली त्याचा प्रवेश हितकर आणि कोणत्या काली अहितकर, असे विचारले तर उत्तर पुष्कळ स्पष्ट होते.

आगमकाल प्रथम घेऊ. संथा ही मुखातून कानात जाते. गुरू दोनदा म्हणतात, शिष्य त्यांच्या ओठांकडे, श्वासाकडे, हाताच्या स्वरदर्शक हालचालीकडे पाहून म्हणतो; चुकल्यास तत्क्षणी थांबविला जातो. असे का, याचे उत्तर 'इंद्रशत्रु' या प्रसिद्ध आख्यानात आहे. त्वष्ट्याला हवा होता इंद्राचा नाश करणारा पुत्र. शब्द बरोबर होता, अक्षरे बरोबर होती. पण अंत्य स्वर उदात्त उच्चारावयाचा तो आद्य उच्चारला गेला. तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला आणि इंद्राचा घातक होण्याऐवजी, इंद्र ज्याचा घातक तो, असा अर्थ होऊन वृत्राचाच नाश झाला. लिहिलेली अक्षरे दोन्ही वेळा तीच! यंत्र ज्या लेखराशीवर पोसले गेले आहे ती बहुतांशी स्वरचिन्हरहित आहे. ध्वनी ऐकणारी यंत्रे आज आहेत आणि उद्या ती अधिक चांगली होतील. तथापि विद्येच्या प्रथम ग्रहणात शुद्ध काय, याची कसोटी ज्याच्या मुखात परंपरेने उतरली आहे त्याच्यापाशीच मूल बसले पाहिजे.

आगमकालातील दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. एका सद्गृहस्थांनी चिरंजीवांच्या मुंजीच्या पत्रिकेवर छापण्यासाठी एक श्लोक पाठशाळेत दाखविण्यास आणला. श्लोक महाभारताच्या शांतिपर्वातील म्हणून अध्याय व क्रमांक यांसह यंत्राने दिलेला होता. अर्थ गोड, भाषा सुबोध. आमच्या एका बारा वर्षांच्या विद्यार्थ्याने तो मोठ्याने वाचला आणि तिसऱ्या पादाशी अडखळला. "गुरुजी, येथे नऊ अक्षरे होतात," तो म्हणाला. अनुष्टुभाच्या पादात आठ अक्षरे असावयाची. मग पर्व काढून पाहिले, भांडारकर संस्थेने छापलेली महाभारताची पादसूची पाहिली; असा श्लोक कोठेही नव्हता. यंत्राने तो रचला होता आणि व्यासांच्या नावावर घातला होता.

पत्रिका छापण्यापूर्वी गोष्ट ध्यानी आली म्हणून बरे. पण या प्रकाराचा अर्थ लक्षात घ्या. महाभारतातील मूळ श्लोक कोणते आणि मागाहून आलेले कोणते, हे ठरविण्यासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली काम हाती घेतले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते, नाना लिप्यांतली, अक्षर अक्षर ताडून पाहण्यात आली. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांसारख्यांनी त्या कार्यात आयुष्य वेचले. चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. सत्तेचाळीस वर्षांच्या तपश्चर्येने जो कचरा बाजूस काढला, त्याहून अधिक कचरा निर्माण करण्यास या यंत्राला एक दिवस पुरेल. पूर्वी प्रक्षेप करणारालाही संस्कृत शिकावे लागे. आता तेवढाही प्रतिबंध उरलेला नाही.

आणि पाठांतर का, या प्रश्नाचे उत्तरही याच प्रसंगात आहे. त्या मुलाने सूची पाहिली नव्हती, यंत्रही पाहिले नव्हते. हजारो अनुष्टुभ त्याच्या कानात मुरलेले होते, म्हणून नववे अक्षर त्याला खड्यासारखे लागले. यंत्राच्या पोटात सर्व ग्रंथ आहेत, हे क्षणभर मान्य करू. पण यंत्र चुकले हे ओळखण्यासाठी काही ग्रंथ आपल्या पोटातही असावे लागतात.

आता स्वाध्यायकाल. येथे केवळ मतांवर विसंबण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे. २०२३ साली तुर्कस्तानातील एका माध्यमिक विद्यालयात सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या अभ्यासाचा प्रयोग करण्यात आला. त्याचा वृत्तांत २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला केवळ पुस्तक व वही. दुसऱ्याला विचारताच उत्तर सांगणारे यंत्र. तिसऱ्याला असे यंत्र की जे उत्तर सांगत नाही, केवळ पुढच्या पायरीची सूचना देते. सराव करताना दुसरा गट पहिल्यापेक्षा ४८ टक्के आणि तिसरा १२७ टक्के सरस ठरला. सर्वांना आनंद वाटावा असेच हे आकडे! पण नंतर यंत्रे काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा दुसरा गट केवळ पुस्तकावर शिकलेल्यांपेक्षाही १७ टक्के मागे पडला. तिसरा गट पुस्तकवाल्यांच्या जवळपास बरोबरीने राहिला. सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट ही की, ज्यांचे नुकसान झाले त्या मुलांना आपले नुकसान झाले आहे असे वाटतच नव्हते.

श्रोतेहो, या प्रयोगाचे तात्पर्य आपल्या आजोबांना ठाऊक होते. दुसऱ्याने घोकून आपल्याला पाठ होत नाही. दुसऱ्याने जेवून आपले पोट भरत नाही. परंतु त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे व ती मला अधिक मोलाची वाटते. तिसऱ्या गटाचे यंत्र निराळे होते ते कशामुळे? यंत्र मूळचे तेच. पण शिक्षकांनी बसून प्रत्येक उदाहरणात मुले कोठे चुकतात, त्या चुकीवर कोणती सूचना द्यावी, हे त्याला आधी लिहून दिलेले होते. म्हणजे अपाय टळला तो शिक्षकाच्या अनुभवामुळे. यंत्र वापरावयाचे असेल तर शिक्षक अधिक जाणता लागतो, कमी नव्हे.

येथून आपण प्रवचनकालाकडे, म्हणजे शिक्षकाच्या तयारीकडे येतो. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात दोन नाट्याचार्यांचा कलह आहे. श्रेष्ठ कोण, हे ठरविताना एक विचार पुढे येतो : कोणाच्या ठायी विद्या उत्तम असते, कोणाला ती दुसऱ्यात संक्रमित करण्याची हातोटी असते, दोन्ही ज्याच्यापाशी तोच शिक्षकांत अग्रणी. आणि परीक्षा आचार्यांची होते ती त्यांच्या शिष्यांच्या द्वारे. आपल्या पाठशाळांत पहिल्या गुणाची जोपासना उत्तम होते. दुसऱ्याची तयारी मात्र आपण दैवावर सोडून दिली आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्याला सिद्धांतकौमुदी येते त्याला ती शिकविताही येते, असे आपण गृहीत धरतो. ते नेहमीच खरे नसते.

शिक्षकाची संख्या कमी करून शिक्षण स्वस्त करण्याचा मोह नवा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील लष्करी अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी एतद्देशीय शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरविताना पाहिली. त्यांनी ती रीत उचलली, तिला मोठ्या विद्यार्थ्याने लहानांस शिकविण्याची जोड दिली आणि १७९७ साली लंडनमध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे बेल आणि लँकेस्टर यांच्या अनुयायांनी शेकडो मुलांमागे एकच शिक्षक पुरेल अशा शाळा इंग्लंडभर काढल्या. अक्षरओळख स्वस्त झाली. पण शिकविणे घोकंपट्टीच्या पुढे जाईना, म्हणून काही दशकांत त्या शाळा मागे पडल्या आणि शिक्षक तयार करणारी विद्यालये काढावी लागली. आपल्याकडेही ज्येष्ठ विद्यार्थी कनिष्ठाला आवृत्ती देतो; परंतु गुरू ओसरीवर बसून कान देत असतात. रीत नेली, ओसरीवरचे गुरू मात्र मागे राहिले!

याच्या उलट दिशेचा, शिक्षकालाच साह्य करणारा एक प्रयोग अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. त्यात ९०० शिकविणारे आणि १,८०० विद्यार्थी होते. यंत्र विद्यार्थ्याशी बोलत नव्हते. मूल अडले असता शिकविणाऱ्यालाच, 'आता असा प्रश्न विचारून पाहा' अशी सूचना देत होते. ती घ्यावी की टाकावी हे शिकविणारा ठरवी. अशा शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत पाठावर प्रभुत्व मिळविणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४ ने वाढले. आणि ज्या शिक्षकांची गुणवत्ता आरंभी कमी गणली गेली होती त्यांच्या विद्यार्थ्यांत ते शेकडा ९ ने वाढले. हे शिक्षक उत्तर सांगून मोकळे होण्याऐवजी विद्यार्थ्याला विचारप्रवृत्त करणारे प्रश्न अधिक विचारू लागले. काही सूचना मुलांच्या इयत्तेला साजेशा नव्हत्या, असेही त्या शिकविणाऱ्यांनी सांगितले. नवशिक्या अध्यापकाच्या खांद्यामागे एक अनुभवी सहकारी उभा असावा, असा हा उपयोग आहे. आणि तो मला ग्राह्य वाटतो.

शासनाने व जागतिक संस्थांनीही शिक्षकाच्या तयारीवरच भर दिला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. 'युनेस्को'ने २०२४ साली शिक्षकांसाठी या विषयातील क्षमतांचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात पंधरा क्षमता पाच अंगांत मांडल्या आहेत : माणूस केंद्रस्थानी ठेवण्याची दृष्टी, नीती, यंत्राचे मूलभूत ज्ञान, अध्यापनातील योजना आणि स्वतःच्या उन्नतीसाठी उपयोग. यंत्राची कळ कशी दाबावी याला त्यात तिसरे स्थान आहे. विवेक पहिल्या दोन स्थानी आहे.

आपल्या पाठशाळेपुरते बोलावयाचे तर अध्यापकांच्या तयारीची एक रीत आपल्या शास्त्रांतच सिद्ध आहे. यंत्राच्या वचनाला सिद्धांताचे आसन देऊ नये. त्याला पूर्वपक्षाच्या जागी बसवावे. आठवड्यातून एकदा अध्यापकांनी एकत्र बसावे. एकाने यंत्राला एखादा प्रश्न विचारून त्याचे उत्तर आणावे. समजा, 'कर्मणि प्रयोगात कर्त्याला तृतीया का?' इतरांनी त्यावर शंका घ्याव्यात. सूत्र कोणते? उदाहरण लक्षणाला धरून आहे काय? हेतू सद्धेतू आहे की हेत्वाभास? शेवटी ग्रंथ काढून निर्णय करावा. यात दोन लाभ आहेत. यंत्राची शक्ती व मर्यादा अनुभवाने कळते, आणि अध्यापकाची स्वतःची शास्त्रावरील पकड घट्ट होते. शिवाय मुले कोठे चुकतात याची प्रत्येक अध्यापकाने एक वही ठेवावी. ती वही हाती असली की कारकांच्या वा समासांच्या सरावासाठी पन्नास वाक्ये यंत्राकडून करवून घेऊन, तपासून, सुधारून मुलांपुढे ठेवणे हे अर्ध्या तासाचे काम होते. वाचलेला वेळ त्या अध्यापकाने मुलांजवळ बसण्यात घालवावा. अन्यथा वेळ वाचविण्याला अर्थ नाही.

व्यवहारकालाविषयी थोडक्यात सांगतो. मठमंदिरांच्या दप्तरांत मोडी, देवनागरी, कन्नड अशा लिप्यांतील पोथ्या व कागद असतात. त्यांची छायाचित्रे घेणे, अक्षरे ओळखण्याचा पहिला कच्चा मसुदा करणे, सूची करणे, या कामी यंत्राचे साह्य जरूर घ्यावे. त्या मसुद्यावर लिपी जाणणाऱ्या माणसाची नजर फिरल्याशिवाय मात्र तो छापू नये. श्रीमठाच्या कोणत्याही प्रकाशनात, मुद्रित अथवा हस्तलिखित ग्रंथात प्रत्यक्ष पाहिल्याविना एकही श्लोक घालू नये. तसेच मुलांची नावे, त्यांचे आवाज, त्यांची छायाचित्रे कोणत्याही यंत्राच्या स्वाधीन करण्यापूर्वी पालकांना विचारलेच पाहिजे. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या व्यक्तिगत माहितीविषयक कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. पण कायदा नसता तरीही हे कर्तव्यच होते. मूल आपल्याकडे विश्वासाने सोपविलेले असते.

आता काय करावे, यासंबंधी नम्रपणे चार सूचना मांडतो. ज्याची रूपावली, समासचक्र आणि अमरकोश मुखोद्गत झाला नाही, त्याच्या हाती यंत्र देऊ नये. पहिली वर्षे संथेचीच असावीत. त्यानंतर प्रौढ विद्यार्थ्याला ते द्यावे, पण पूर्वपक्ष म्हणून, आणि गुरूंच्या समक्ष. अध्यापकांना मात्र ते आधी शिकवावे. कारण विद्यार्थ्याच्या घरी ते पोहोचलेलेच आहे, आणि ज्या गोष्टीची गुरूला माहिती नाही त्या गोष्टीपासून तो शिष्याला सावध करू शकत नाही. आणि शेवटची सूचना आपणा सर्व शिष्यजनांसाठी आहे. वर्धापनोत्सवाच्या निमित्ताने पाठशाळेला यंत्रसामग्री अर्पण करण्याची इच्छा काही उदार गृहस्थांनी दर्शविली आहे. त्यांचे आम्ही ऋणी आहो. माझी प्रार्थना इतकीच की, यंत्रासाठी एक रुपया देताना आचार्यांच्या योगक्षेमासाठी दोन रुपये बाजूस ठेवावेत. यंत्र चार वर्षांत जुने होते. एक तरुण अध्यापक निश्चिंतपणे टिकला तर चाळीस वर्षे शिष्य घडवितो. आज पाठशाळांना खरी उणीव भासते ती यंत्रांची नव्हे. संसाराच्या विवंचनेने दुसरीकडे निघून जाणाऱ्या तरुण शास्त्र्यांची आहे.

तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययनाला संधीचे रूपक दिले आहे. आचार्य हे पूर्वरूप, शिष्य हे उत्तररूप, विद्या हा त्यांचा संधी आणि प्रवचन हे त्यांना जोडणारे साधन. व्याकरण शिकणाऱ्याला हे रूपक किती नेमके आहे ते सांगावयास नको. संधी होण्यासाठी दोन वर्ण अगदी जवळ यावे लागतात. मध्ये तिसरे काही आले की संधी होत नाही. यंत्र या दोघांच्या मध्ये उभे राहिले तर ते विद्येचा विच्छेद करील. बाजूस उभे राहून त्यांना जवळ आणण्यास साह्य करील तर ते उपकारक ठरेल. त्याने कोठे उभे राहावे हे ठरविण्याचा अधिकार अद्याप आपल्या हाती आहे, आणि तो आपण विचारपूर्वक वापरावा, एवढेच मला सांगावयाचे होते.

श्रीगुरुकृपेने या पाठशाळेतील संथेचा घोष अखंड राहो, आणि नव्या साधनांचा विनियोग करण्याचा विवेक आम्हां सर्वांस लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून, माझे भाषण संपवितो.

इति शम्।